माझ्या आवाजातली शाळा

दसरा उलटला की मोरदऱ्यातले आवाज एकेक करून कमी होऊ लागतात. बालाघाटाच्या कुशीतले हे गाव. जमीन खडकाळ, पाऊस हात राखून पडणारा. दिवाळीच्या पुढेमागे इथल्या टोळ्या ऊसतोडीला कृष्णाकाठी निघतात आणि उन्हाळा डोक्यावर आल्यावर परततात. मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुले या मोजणीत कुठेच नसतात. ज्याची मोजदाद नाही ते सहज सोबत नेता येते: भांडी, शेळी, खुराड्यातल्या कोंबड्या आणि मुले.

त्या दिवसांत आम्हा शिक्षकांचे काम शिकवण्याचे नसे, थांबवण्याचे असे. शाळा सुटली की मी दारोदार जाई आणि सांगे, लेकराला ठेवून जा. शाळेच्या दोन खोल्यांत हंगामी वसतिगृह चाले. आईबाप फडात गेले तरी मुले तिथे जेवत, झोपत, शिकत. मला लोकांसमोर बोलणे कधीच सहज जमले नाही. उंबऱ्याशी उभा राहिलो की माझे वाक्य अर्ध्यावर येऊन थांबे आणि मी पायांतल्या चपलांकडे पाहू लागे.

बापू ढाकण्यांना ते ठाऊक होते. माझे वाक्य तेच पुरे करत.

"शाळा बुडंल, असंच ना गुरुजी?"

"हो."

"मग ठेवतो पोरीला. आपण अडाणी राहिलो, लेकराची शाळा बुडू द्यायची न्हाई, हे आपल्याला पटलंय. तुमी नका लाजू एवढं. पोरगी मागायला आल्यासारखं उभं राहता बगा दारात!"

आतून त्यांची बायको हसे, आणि मी घाम पुसत पुढच्या घराकडे निघे. त्या एका कारणावर बापूंनी सलग तीन हंगाम आपली कार्तिकी मागे ठेवली होती.

कार्तिकी माझ्या वर्गातली सर्वांत हुशार मुलगी होती असे मी म्हणणार नाही. पण तिचे प्रश्न माझ्यासोबत घरी येत. एकदा अपूर्णांक शिकवताना मी भाकरीचे चित्र काढून तिचे तीन भाग केले. ती म्हणाली, "सर, भाकरीचे तीन सारखे तुकडे कुणालाच करता येत न्हाईत. आईला बी न्हाई. मग एक तृतीयांश हाय कुठं?" मी फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिलो. वर्गही शांत राहिला. माझ्या थांबण्याची त्यांना सवय होती.

सहशाळेची कल्पना दहिफळे मॅडमची. त्या आमच्या केंद्रप्रमुख होत्या. दर महिन्याला आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक ज्या परिषदेला जमतात, तिथे त्यांनी ती प्रथम मांडली. मुले दोन ठिकाणी वाढतात, आणि शाळा मात्र एकाच ठिकाणी उभी असते. तिलाच चालायला शिकवू, असे त्या म्हणाल्या. कृष्णाकाठच्या शाळांना त्यांनी सोबत घेतले. विद्यापीठातले दोन अभियंते आले. दोन वर्षे आम्ही चाळीस शिक्षक सुट्ट्यांमध्ये एकत्र बसलो. आयुष्यात मला इतके आनंदाचे काम दुसरे मिळाले नाही.

सहशाळेचे शास्त्र तसे सरळ होते. मुलाच्या कानामागे, हाडावर, हरभऱ्याएवढा एक मणी चिकटवायचा. त्याचा आवाज कानाच्या वाटेने जात नाही. कवटीच्या हाडाला सूक्ष्म कंप देऊन तो आतल्या कानापर्यंत पोचतो. त्यामुळे कान मोकळा राहतो, बाहेरचेही ऐकू येते. मणी ऊन आणि अंगाची ऊब यांवर चालतो. प्रत्येक टोळीसोबत डब्याएवढी एक पेटी असते, आणि शिकवणारे यंत्र त्या पेटीत. फडात मोबाइलची रेंज पोचत नाही. तेव्हा निरोप मण्यातून मण्यात, एका टोळीच्या पेटीतून दुसरीच्या पेटीत असा हातोहात पुढे जातो आणि शेवटी शाळेत पोचतो.

यंत्र मुलाशी बोलते आणि मुलाचे ऐकते. उत्तर बरोबर की चूक एवढेच ते पाहत नाही. मूल किती वेळ थांबले, कुठल्या शब्दावर आवाज डगमगला, श्वास कुठे अडला, यांवरून त्या मुलाला काय समजले आणि काय समजल्यासारखे वाटले, याचा नकाशा ते रोज काढते. मग त्या मुलासाठी पुढचा धडा निवडते. तो धडा आम्हा चाळीस जणांपैकी कोणाचाही असू शकतो. कोणी नद्या सुंदर शिकवत असे, कोणी गुणाकार, कोणी रडणाऱ्या मुलाला बोलते करत असे. सगळ्यांचे सगळे एका ठिकाणी ओतले गेले, आणि एकमेकांत इतके मिसळले की कोणाचे काय हे पुढे यंत्रालाही सांगता आले नसते. मात्र मुलाला ऐकू यायचा तो त्याच्या स्वतःच्या शिक्षकाचा आवाज. परक्या आवाजापुढे लहान मूल मिटते, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक होते.

माझा आवाज तयार झाला त्या दिवशी मॅडमनी तो मला ऐकवला. माझाच होता. पण त्यात माझ्या थांबण्याच्या जागा नव्हत्या. तो ओढ्यासारखा वाहत होता, हसत होता, आणि कृष्णा-कोयनेविषयी मला मुळीच माहीत नसलेले काहीतरी सांगत होता.

"कसा वाटतो?" मॅडमनी विचारले.

"चांगला आहे," मी म्हणालो. "माझ्यापेक्षा बराच चांगला."

"अहो जोगदंड, लग्नाचं जमवायला हाच पाठवा आता," मागून कोणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो.

पडदा असावा की नुसता आवाज, यावर एक संपूर्ण दुपार वाद झाला होता. पडद्याने डोळे बिघडतात, तो फुटतो, चिखलात पडतो. शेवटी एक शिक्षक उठून म्हणाले, "आवाजच ठेवा. मुलांचे हात मोकळे राहतील." आम्ही टाळ्या वाजवल्या. मोकळ्या हातांनी मूल माती मळेल, चित्र काढेल, बिया मोजेल, असे आमच्या डोळ्यांसमोर होते. मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मी पहिल्यांदाच मोकळ्या मनाने दारोदार गेलो. पिशवीत मणी होते. बापू ढाकणे ओसरीवर कोयत्याची मूठ बसवत होते. मी मणी त्यांच्या तळहातावर ठेवला आणि जमेल तसे समजावले. त्यांनी तो उन्हात धरून पाहिला.

"म्हंजी ह्याच्यात तुमीच बोलणार?"

"माझ्या आवाजात. हो."

"आन पोरगी जिथं जाईल तिथं शाळा?"

"हो."

"शाळा बुडायची न्हाई?"

"नाही बुडायची."

त्यांनी मणी अलगद बायकोच्या हाती दिला. "मग नेतो पोरीला. तिच्या आईचा बी जीव लागत न्हाई तिच्याबिगर. तीन साल झालं, फडात रडतीया."

मी उभाच राहिलो. मला काहीतरी सांगायचे होते. इतकी वर्षे मी एकच कारण घेऊन या उंबऱ्याशी येत होतो, आणि ते कारण आज मीच पिशवीत घालून परत नेत होतो. दुसरे कारण माझ्यापाशी होते का? असले तरी ते शब्दांत कधी धरले नव्हते, कारण तशी गरजच पडली नव्हती.

"वसतिगृह..." मी म्हणालो.

"त्ये बंद व्हणार म्हणं औंदा. शाळाच सोबत येती म्हणल्यावर कशाला पाहिजे?" बापू म्हणाले. ते खरे होते. मंजुरी आलीच नव्हती.

कार्तिकी मात्र आनंदात होती. तिने मणी लावला, डोळे मोठे केले आणि माझ्या ओठांकडे पाहिले. "सर, तुम्ही बोलत न्हाईत, तरी बोलायलाव!" मग आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "औंदा मी येणार! औंदा मी येणार!"

टोळ्या गेल्या. गावात म्हातारी माणसे आणि मी राहिलो. दोन खोल्यांना कुलूप लागले. सहशाळेचा अहवाल दर आठवड्याला येई, आणि तो पाहून दहिफळे मॅडमना आकाश ठेंगणे होई. मुलांची प्रगती एवढी झपाट्याने कधीच झाली नव्हती. कार्तिकीचा नकाशा तर दिवसागणिक उजळत होता. अपूर्णांक तिला समजले होते. एक तृतीयांश कुठे असते हेही समजले होते. माझ्या आवाजाने तिला ते कसे सांगितले, कोण जाणे.

शिक्षकाने मधूनमधून संवाद ऐकावेत अशी सोय होती. सुरुवातीला मी ऐकले नाहीत. स्वतःचा आवाज ऐकायला मी लाजत असे. एका दुपारी, रिकाम्या वर्गात बसून, कार्तिकीचा एक धडा लावला. मागे उसाच्या पात्यांची सळसळ होती, कोयत्यांचे आवाज होते आणि एक बाळ किरकिरत होते. माझा आवाज तिला दशांश चिन्ह शिकवत होता. ती भराभर उत्तरे देत होती. मग मध्येच ती म्हणाली, "थांबा सर, मोळी उचलते."

"थांबतो," माझा आवाज प्रेमाने म्हणाला. "सावकाश उचल. पाठीतून वाकू नकोस, गुडघ्यांतून वाक. जड असेल तर दोन भाग कर. हं, शाब्बास. आता सांग, शून्य पूर्णांक पाच म्हणजे किती?"

"अर्धा," ती धापा टाकत म्हणाली.

मी धडा बंद केला. बाहेर एक म्हातारी शेळीला हाका मारत होती. माझ्या त्या आवाजात मी कोणाशी इतक्या मायेने कधी बोललो होतो, ते आठवेना. आणि ती माया एका मुलीला ओझे नीट उचलायला शिकवत होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कृष्णाकाठी गेलो.

फड सापडायला वेळ लागला. नदीच्या अलीकडे उसाच्या पाचटाच्या झोपड्या उभ्या होत्या. त्यांना कोपी म्हणतात. पलीकडे अर्धा तोडलेला ऊस. बापू आणि त्यांची बायको शीला ऊस तोडत पुढे सरकत होते. त्यांच्या मागे कार्तिकी होती. उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला गोळा करून ती त्याच्या पेंढ्या बांधत होती. तिचा धाकटा भाऊ शिवम पाचटावर बसून माती चाखत होता; दर थोड्या वेळाने ती त्याच्या तोंडातून माती काढी आणि पुन्हा पेंढीकडे वळे. या सगळ्यात तिचे ओठ हलत होते. ती सात आणि आठचे गुणोत्तर कोणालातरी समजावत होती.

माझी सावली पडली तेव्हा तिने वर पाहिले. चेहरा उन्हाने काळवंडला होता, बोटांवर पात्यांच्या बारीक चिरा होत्या.

"सर!" ती हसली. मग गोंधळली. कानामागे बोट नेऊन हळूच म्हणाली, "थांबा हं जरा, सर आलेत." आणि माझ्याकडे पाहून गप्प उभी राहिली.

"कशी आहेस?"

"बरी."

"अभ्यास...?"

"व्हायलाय की. तुम्ही तर रोजच असता."

तीन वर्षे माझ्या टेबलाभोवती घुटमळणारी ती मुलगी माझ्यासमोर पाहुण्यासमोर उभी राहावी तशी उभी होती, अंग चोरून. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सर, जाऊ का? त्यांचं अर्धंच राहिलंय." आणि परत पेंढीशी जाऊन बोलू लागली. आता ती मोकळेपणाने हसत होती.

बापूंनी मला कोपीच्या सावलीत बसवले, लोट्यात पाणी दिले. शीलाबाई उभ्या उभ्या पदराने तोंड पुसत होत्या.

"बापू," मी म्हणालो, "कार्तिकीला परत पाठवा."

"का बरं? काय चुकलं का तिचं? मुकादम तर म्हणला, ढाकण्याची पोरगी पयली आली मशिनीत."

"नाही, चुकलं नाही. पण ती काम करते आहे, बापू."

"दिवसभर कानात शाळा हाय तिच्या. हात रिकामेच असतेत. रिकाम्या हातानं बसून काय करंल? भावाला बघती, दोन पेंढ्या बांधती." ते माझ्याकडे निरखून पाहत होते, थट्टेचा सूर आता त्यांच्या बोलण्यात नव्हता. "गुरुजी, मी खोटा माणूस न्हाई. तुमी म्हणलात शाळा बुडंल, मी पोर ठेवली. पोटाला चिमटा घेऊन ठेवली. ह्या बाईनं रडून रडून साल काढलं, तरी ठेवली. आता शाळा बुडत न्हाई. मग कशापायी ठेवू, तेवढं सांगा. सांगा, आजच पाठवतो."

ती लहान आहे. एवढेच सांगायचे होते. पण बापूही लहानपणापासून फडात होते, शीलाबाईही. लहान असणे हे त्यांच्या लेखी कधी कारण नव्हते, आणि मी तसे म्हणालो असतो तर त्यांच्या सगळ्या आयुष्यालाच नावे ठेवल्यासारखे झाले असते. शाळा हे एकच कारण असे होते, ज्याच्या आड लहानपण कोणालाही न दुखवता लपवता येत होते. आम्ही चाळीस जणांनी मिळून ती आडोशाची भिंत तेवढी पाडली होती.

मी पाणी प्यालो आणि उठलो. बापू वाटेपर्यंत सोडायला आले. "शाळा बुडाली तर मात्र आणून सोडीन," ते म्हणाले. "शब्द हाय."

दहिफळे मॅडमच्या कार्यालयात मी जे बोललो, तेवढे सलग त्याआधी कधी बोललो नसेन. त्यांनी शांतपणे ऐकले. त्या वाईट बाई नव्हत्या. दोन वर्षे त्यांनी आपल्या घराकडे पाहिले नव्हते.

"मूल चालतंय की ओझं उचलतंय, हे मण्याला हालचालीवरून कळतं," मी म्हणालो. "काम चालू असताना त्याने गप्प बसावं, एवढं तरी करा."

"आणि मग? तो गप्प बसला म्हणून मूल पेंढी खाली ठेवणार आहे का?" त्या म्हणाल्या. "पेंढी बांधायचीच आहे जोगदंड. ती मुकाट बांधायची की गुणोत्तर शिकत, एवढंच आपल्या हातात आहे. तुम्ही तिचा एवढा आनंदही काढून घेणार?"

"पूर्वी ती तिथे नव्हतीच."

"पूर्वी वर्गातली निम्मी मुलं तिथेच होती, आणि त्यांच्या कानात कोणी नव्हतं. ती तुम्हाला का आठवत नाहीत? तुमचं शब्द पाळणाऱ्या बापांवर लक्ष आहे. सगळेच बाप बापू नसतात."

हे त्या बरोबर बोलल्या होत्या. तरी मी म्हणालो, "मी माझा आवाज काढून घेतो."

सहशाळा सहकारावर उभी होती. कोणाही शिक्षकाला आपला आवाज परत घेता येई. तसे ठरवून घेतले होते ते मॅडमनीच, कोणावर जबरदस्ती नको म्हणून. आवाज काढला की त्या शाळेची मुले शाळेबाहेर ठरत, आणि वसतिगृह पुन्हा उघडावे लागे. नवा आवाज घडवायला एका शिक्षकाचा वर्षभराचा सहवास लागतो. तोवर मोरदऱ्याची शाळा खरोखरच बुडणार होती.

मॅडमनी समोरचा अहवाल मिटवला. "विचार करा," त्या म्हणाल्या. "ती मुलं तुम्हाला तुमच्यापेक्षा जास्त ओळखतात आता."

मी विचार केला. आवाज काढण्याआधी यंत्र विचारते, मुलांना काही निरोप द्यायचा आहे का? मी रिकाम्या वर्गात बसून प्रयत्न केला. "मुलांनो" म्हणालो आणि थांबलो. तो दुसरा असता तर त्याला नेमके सुचले असते. मी तीन वेळा सुरुवात केली, तीन वेळा पुसले. शेवटी निरोपाची जागा कोरी ठेवली आणि आवाज काढून घेतला. कृष्णाकाठी त्या वेळी दुपार चालू होती. कोणाच्या तरी कानात, एखाद्या वाक्याच्या मध्येच, मी संपलो असेन.

बापूंनी शब्द पाळला. आठवडा उलटण्याच्या आत ते कार्तिकीला घेऊन एका मालवाहू टेंपोतून उतरले. माझ्यापुढे कपड्यांचे गाठोडे ठेवले.

"शाळा बुडाली म्हणून आणली, गुरुजी. मशीन कसं काय बंद पडलं?"

"मी बंद केलं," मी म्हणालो.

ते समजले असावेत. "तिच्या आईच्या कमरेत उसण भरलीय," ते म्हणाले. "शिवमला आता झाडाला बांधून ठेवावं लागतंय. तुमाला माहीत असावं म्हणून सांगतो, बाकी काय न्हाई." मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ते त्याच टेंपोतून परत गेले.

आणखी काही बापांनीही मुले आणून सोडली. कार्तिकी वसतिगृहाच्या खोलीत झोपू लागली, जेवू लागली, वर्गात येऊ लागली. तिच्या बोटांवरच्या चिरा भरत आल्या. ज्यासाठी मी हे सगळे केले, ते झाले होते. पण ती खेळत नसे. मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंपणाच्या भिंतीशी, एक कान भिंतीकडे करून बसे. मी शिकवत असलो की माझ्याकडे पाही, ऐके, आणि अधूनमधून डोळे मिटून घेई, जणू माझ्या आवाजामागे दुसऱ्या कोणाला शोधत आहे.

एके दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"सर," ती म्हणाली, "ते सर कशानं गेले?"

"कार्तिकी, तो आवाज माझाच होता."

तिने मान हलवली. त्यात राग नव्हता. "आवाज तुमचा होता. पण ते तुम्ही न्हवतात. तुम्ही बी लई चांगले हाव सर. पण ते न्हाई."

"ते काय करायचे?"

"आई दुपारी गाडीखाली झोपली की मला विचारायचे, आज नवीन काय बघितलं? मी सांगायची. कवा मुंगूस, कवा नदीतला दगड. मग ते म्हणायचे, अजून सांग. शिकवायचे न्हाईत त्या वक्ताला. नुसतं ऐकायचे." तिने मातीत रेघ ओढली. "गुणोत्तर सांगायले होते. मधीच गेले. मी सांजपर्यंत हाका मारल्या."

चाळीस जणांपैकी कोणाची ती सवय होती? कोण असा शिक्षक होता, ज्याने दुपारच्या वेळी नुसते ऐकायचे ठरवले होते? मी नंतर परिषदेत विचारून पाहिले. कोणालाच सांगता आले नाही; ते कोणा एकाचे राहिलेच नव्हते. आणि तिच्यापुढे तर मी एवढेही बोलू शकलो नाही की तिच्या हाका शाळेपर्यंत पोचल्या होत्या. त्या सगळ्या यंत्रात होत्या. मी त्या ऐकल्या नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी, प्रार्थना संपल्यावर, ती माझी बाही धरून मला भिंतीपाशी घेऊन गेली. भिंतीवर पळसाचे पान होते. पानावर भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा. शेजारी एका कागदात तो मणी.

"हे काय?"

"माझी आजी गेली तवा दहाव्याला घास ठेवला होता," ती म्हणाली. "कावळा लई वेळ शिवला न्हाई. मग बापूंनी म्हणलं, तुझ्या नावानं झाड लावीन, तवा शिवला. माणसाचं काही मनात राहिलं की शिवत न्हाई." ती माझ्याकडे वर पाहत होती. "त्यांचं कुणीच केलं न्हाई सर. तुम्ही थांबता का?"

मी थांबलो. समोर माझ्याच नावाचा घास होता, आणि तो ठेवणारी मुलगी माझ्या शेजारी हात जोडून उभी होती. यात हसण्यासारखे काही नव्हते, आणि ते थांबवण्याचा अधिकार मला नव्हता. एकेक करून इतर मुलेही येऊन उभी राहिली. त्यांनीही आपापल्या कानामागे हात लावले होते.

कार्तिकीचे ओठ पुटपुटू लागले. काही राहिले असेल तर मी ते करीन, असे ती सांगत होती. गुणोत्तर पुरे करीन, नवीन दिसेल ते रोज सांगत जाईन. मीही मनात काहीतरी म्हणावे असे वाटले. काय म्हणणार? त्या दुसऱ्याचे काय राहिले असेल, याचा मला अंदाजच नव्हता.

कडुनिंबावरून एक कावळा उतरला. भिंतीवर दोनदा उड्या मारून पुढे आला, आणि क्षणभरही न थांबता भाकरी उचलून उडून गेला.

"शिवला!" कार्तिकी ओरडली. तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. "बघा सर, लगेच शिवला! त्यांचं काहीच राहिलं न्हवतं!"

ती वळली, आणि पोरींनी ओढलेल्या लंगडीच्या रिंगणात धावत शिरली. तिचा आरडाओरडा मला ऐकू येत होता. मी वर्गाकडे गेलो. फळ्यासमोर निम्म्याहून थोडी अधिक बस्करे अंथरलेली होती. बाकीची गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. त्यांच्यावर बसणारी मुले अजून कृष्णाकाठच्या फडांत होती, पेंढ्या बांधत होती, आणि त्यांच्या कानात कोणीच बोलत नव्हते.